'असावा'ची हकालपट्टी

उत्तरपत्रिका तपासण्यापूर्वी झालेल्या एका चर्चेत मध्यंतरी एक मत अगदी सहजपणे मांडले गेले. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या उत्तरात 'असावा', 'बहुधा', 'कदाचित' असे शब्द दिसू लागले, की त्याचा अभ्यास झालेला नाही असे खुशाल समजावे. ज्याला ठाऊक असते तो सरळ 'आहे' लिहितो. उपस्थितांपैकी बहुतेकांनी माना डोलावल्या. (हे 'बहुतेक' संख्यावाचक आहे, संशयवाचक नाही. या भेदाकडे पुढे यायचेच आहे.) मत मांडणारे गृहस्थ अनुभवी अध्यापक आहेत आणि त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु मराठीच्या अध्यापकाने बाळगावे असे हे मत मुळीच नाही, आणि ते एकट्याचे नसून आपल्या विभागांतून, गाइडांतून, प्रश्नपत्रिकांतून मुरलेले आहे, म्हणून त्याचा जाहीर प्रतिवाद करणे आवश्यक वाटते.

प्रथम व्याकरण. 'असावा' हे रूप विध्यर्थाचे. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे क्रियापदाचे चार अर्थ आपण शाळेतच शिकलो आणि परीक्षा संपताच विसरलो. विध्यर्थाच्या '-आवा' या एकाच प्रत्ययात कर्तव्य, योग्यता, इच्छा, शक्यता आणि तर्क एवढे सगळे कोंबलेले आहे. 'विद्यार्थी वर्गात असावा' हे वाक्य प्राचार्य उच्चारतात तेव्हा तो नियम असतो. तेच वाक्य, विद्यार्थ्याची सायकल बाहेर उभी पाहून शिपाई उच्चारतो तेव्हा ते अनुमान असते. शिपायाच्या वाक्यात सायकल अध्याहृत आहे. 'असावा'चे मर्म इथे आहे. 'आता सहा वाजले, तो घरी असेल' हे सवयीवरून केलेले गृहीतक झाले. 'खिडकीत दिवा दिसतो, तो घरी असावा' हे खुणेवरून काढलेले अनुमान झाले. 'असेल' म्हणणाऱ्याने काही पाहिलेले असलेच पाहिजे असे नाही. 'असावा' म्हणणाऱ्याने काहीतरी पाहिलेले असते, आणि त्या काहीतरीची विचारणा होऊ शकते हेही त्याला माहीत असते. बोलण्याच्या ओघात दोन्ही रूपे एकमेकांच्या जागी येतात हे खरे; परंतु विचारपूर्वक लिहिलेल्या गद्यात हा भेद पाळला जातो आणि चांगल्या संशोधकाच्या हाती तो फार उपयोगी पडतो. अभ्यास न झालेल्या मुलाला मुळात 'असावा' सुचतच नाही. तो पाठ केलेले 'आहे' लिहितो.

वऱ्हाडी बोलीकडे वळलो तर हा प्रकार अधिक स्पष्ट दिसतो, आणि आपण अमरावती-अकोल्याकडचे लोक त्याकडे कसे पाहत नाही याचे नवल वाटते. 'राम्या घरी असन' म्हणणारा सवयीवरून बोलत असतो. 'राम्या आला वाटते' म्हणणाऱ्याने फाटकाचा आवाज ऐकलेला असतो. 'राम्या आला म्हने' म्हणणाऱ्याला दुसऱ्या कुणी सांगितलेले असते, आणि खरेखोटे त्या दुसऱ्याच्या माथी. 'राम्या येईन का नाई, कोन जाने' इथे बोलणाऱ्याने हातच वर केलेले असतात. संशय एकच, परंतु तो कुठून आला, डोळ्यांतून, कानांतून, अनुभवातून की अज्ञानातून, हे क्रियापदाच्या शेपटीलाच बांधलेले. लेखी मराठीतले तर्काचे 'असावा' या बोलण्यात क्वचितच येते. त्याचे काम 'असन' आणि 'वाटते' यांनी वाटून घेतलेले आहे. आपण काय करतो? विद्यार्थी तोंडी परीक्षेत 'असन' म्हणाला की 'असेल म्हणा' अशी दुरुस्ती करतो आणि न-ल च्या या दुरुस्तीत समाधान मानतो. उद्धव शेळके यांची 'धग' (1960) शिकवताना वऱ्हाडी शब्दांच्या अर्थांची यादी फळ्यावर येते, परंतु क्रियापदांच्या या छटांविषयी अवाक्षर निघत नाही. बोली म्हणजे निराळे शब्द, एवढीच आपली समजूत. बोलीत निराळी विचारपद्धतीही असते, हे ज्यांनी सांगायचे तेच उच्चार सुधारत बसलेले.

'म्हणे'चे तर आणखी वेगळे. वाक्याच्या शेवटी आले की ते निव्वळ ऐकीव माहिती दाखवते: 'तो मोठा विद्वान आहे म्हणे.' वाक्याच्या आरंभी आले की त्याच शब्दाला दात फुटतात: 'म्हणे विद्वान!' जागा बदलताच तटस्थ संशयाचा उपहास होतो. आणि तुकोबांच्या नाममुद्रेतले 'म्हणे' या दोहोंच्या पलीकडचे. तिथे सांगणारा स्वतः समोर उभा आहे आणि शब्दाची पूर्ण जबाबदारी घेतो आहे. एका छोट्या क्रियापदाने एवढे करावे आणि त्यावर आपल्या अभ्यासक्रमात एक तासही नसावा! (हे 'नसावा' इच्छेचे नाही, आश्चर्याचे आहे. विध्यर्थाच्या यादीत आणखी एक भर.)

आता 'कदाचित', 'बहुधा' आणि 'बहुतेक'. हे तिन्ही शब्द मुळात संशयाचे नव्हेतच. 'कदा' म्हणजे केव्हा. संस्कृतात 'कदाचित्' म्हणजे केव्हातरी, एखादे वेळी. जे केव्हातरी घडते ते आता घडेलच असे नाही, या वाटेने तो शब्द काळातून संशयात आला. त्याच 'कदा'पासूनचे 'कदापि' मात्र मराठीत नकाराशी बांधले गेले आणि ठामपणाचे चिन्ह बनले. 'बहुधा' म्हणजे अनेक प्रकारे. 'बहुतेक' म्हणजे संख्येने पुष्कळ. जे पुष्कळदा घडते ते आताही घडेल, म्हणून मोजदादीचे शब्द अंदाजाचे झाले. या दुहेरी वंशामुळे मराठीत एक गोंधळ कायमचा वस्तीला आला आहे. 'बहुतेक विद्यार्थी येतील' याचा अर्थ पुष्कळसे विद्यार्थी येतील, की विद्यार्थी येतील असा अंदाज आहे? बोलताना आघातावरून कळते. छापल्यावर कळत नाही. आणि एखाद्या शोधनिबंधात 'बहुतेक समीक्षकांच्या मते' असे वाक्य आले की लेखकाने समीक्षक मोजले आहेत की समीक्षकांविषयी त्याचा केवळ अंदाज आहे, हे विचारायची सोय राहत नाही. माझा अनुभव असा, की दहांपैकी नऊ वेळा एकच समीक्षक वाचलेला असतो, तोही प्रस्तावनेपुरता. अर्थात ही दहांपैकी नऊची मोजदादही 'बहुतेक'च्याच कुळातली आहे, हे मान्य.

मूळ मुद्दा पुढे आहे. खऱ्या संशयाला हाकलून देणाऱ्या याच आपल्या व्यवसायाने खोट्या संशयाला मानाचे पान दिले आहे. मराठी समीक्षेचा कोणताही अंक उघडा. 'असे म्हटल्यास वावगे ठरू नये.' 'असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.' 'असे वाटल्यावाचून राहत नाही.' 'असे म्हणण्यास हरकत नसावी.' 'या अर्थाने ही कादंबरी काहीशी अस्तित्ववादी म्हणता येईल.' या वाक्यांत संशयाची सगळी वस्त्रे आहेत, संशय मात्र नाही. लेखकाला कसलीच शंका नसते. तो आपले विधान करून मोकळा झालेला असतो आणि वर एक नम्रतेची झूल टाकतो, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवलेच तर 'मी तसे ठामपणे कुठे म्हटले होते' असे म्हणता यावे. 'काहीशी' म्हणजे किती? 'म्हणता येईल' म्हणजे कुणाला? तुम्ही म्हणता आहात की नाही? 'हरकत नसावी' यातले 'नसावी' हे अनुमान आहे की विनंती? याला सावधपणा म्हणत नाहीत. मराठीत त्यासाठी 'मोघम' हा चांगला शब्द आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीत अक्षय्य तृतीयेनंतर पिकांचे भाकीत सांगितले जाते, त्यात अमुक पीक 'मोघम' येईल असे म्हणण्याची पद्धत आहे. आपल्या पुष्कळशा समीक्षेचे पीकही तसेच, मोघम येते, आणि दरवर्षी येते.

मोघमपणा आणि संशय यांत फरक काय? संशय घेणाऱ्याला नेमके काय ठाऊक नाही ते ठाऊक असते. मोघम बोलणाऱ्याला ते जाणून घ्यायचेच नसते. एखादा अभ्यासक 'हा शिलालेख अकराव्या शतकातला असावा' असे लिहितो तेव्हा त्याने अक्षरवटिका पाहिलेली असते, राजाचे नाव पडताळलेले असते, आणि उरलेली फट किती रुंद आहे याचा त्याला अंदाज असतो. 'हा शिलालेख मराठी अस्मितेचा जणू हुंकार म्हणता येईल' असे लिहिणाऱ्याने यातले काहीही केलेले नसते.

वर्गाबाहेरचे जग या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणे आहे, कारण तिथे चुकीच्या शब्दाची किंमत मोजावी लागते. हवामान खात्याची मराठी पत्रके पाहा. 'तुरळक ठिकाणी', 'काही ठिकाणी', 'बऱ्याच ठिकाणी', 'बहुतांश ठिकाणी' हे शब्द वाचकाला गुळमुळीत वाटतात, पण त्या प्रत्येकामागे आकडा आहे. त्या प्रदेशातल्या पर्जन्यमापन केंद्रांपैकी 25 टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर 'तुरळक', 26 ते 50 असेल तर 'काही', 51 ते 75 असेल तर 'बऱ्याच', त्यापुढे 'बहुतांश'. म्हणजे 'तुरळक ठिकाणी' हे वाचून अकोल्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याने तिफण बाहेर काढली तर चारपैकी तीन जागी आभाळ कोरडे राहण्याचा धोका तो पत्करतो. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असा सल्ला दर जूनमध्ये दिला जातो तो यासाठीच. कपाशीचे किंवा सोयाबीनचे बियाणे एकदा मातीत गेले आणि पावसाने दडी मारली की दुबार पेरणी, म्हणजे पुन्हा बियाणे, पुन्हा मजुरी, पुन्हा उधारी. 'पाऊस येईन' आणि 'पाऊस येईन म्हने' यांतला फरक ज्याच्या कर्जात मोजला जातो, तो मनुष्य संशयाचे शब्द निष्काळजीपणे वापरत नाही. वर्तमानपत्रांचेही तसेच. 'संशयित', 'कथित', 'आरोपी' आणि 'दोषी' यांच्या सीमा उपसंपादक पाळतो, कारण न पाळल्यास अब्रुनुकसानीची नोटीस येते. आपल्या क्षेत्रात 'असावा' गाळल्याबद्दल कुणाचे काही जात नाही. निदान तसे आपल्याला वाटते.

परंतु जाते. काय जाते ते पाहण्यासाठी आपल्या अभ्यासक्रमातल्या दोन-तीन अगदी परिचित गोष्टी घेऊ.

मराठीचा आद्य शिलालेख कोणता? एका पिढीने श्रवणबेळगोळचा लेख, साल 983, असे पाठ केले. त्या लेखावर सालच कोरलेले नाही. गोमटेश्वराची मूर्ती उभारणाऱ्या चामुंडरायाच्या काळावरून ते काढलेले. त्याच ठिकाणच्या दुसऱ्या मराठी ओळीत गंगराजाचे नाव येते आणि ते बाराव्या शतकाकडे नेते. म्हणजे पहिल्या ओळीचा काळही अनुमानाचा. पुढे सोलापूर जिल्ह्यातला हत्तरसंग-कुडलचा शके 940 (1018) चा लेख, आणि अलिबागजवळच्या आक्षीचा शके 934 (1012) चा लेख, असे दावेदार आले. हा सगळा प्रवास विद्यार्थ्याला शिकवला तर लिपी, कालगणना, पुरावा यांचे एक उत्तम प्रकरण त्याच्या हाती पडते. आपण काय शिकवले? आधी 'श्रवणबेळगोळ हा आद्य लेख आहे', आणि मग 'आक्षी हा आद्य लेख आहे'. दोन्ही वेळा 'आहे'. उत्तर बदलले, पण ते का बदलले हे सांगणारा शब्द आपण दोन्ही वेळा खोडला. ज्ञानदेवांच्या जन्माचे शक 1193 की 1197 याविषयी दोन परंपरा आहेत. गाइडात एकच उरते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'भारद्वाज' या नावाने 'सुधारक'मधून ज्ञानेश्वरीचा कर्ता आणि अभंगांचा कर्ता वेगळे असावेत असा संशय मांडला गेला आणि त्यावर केवढे रण माजले. तो संशय टिकला नाही असे पुष्कळांचे मत. पण त्याला उत्तर देण्याच्या निमित्ताने ज्ञानदेवांच्या भाषेचा जो बारीक अभ्यास झाला तो एका 'असावेत'ची मिळकत होय. आजच्या विद्यार्थ्याला त्या वादाचे नाव ठाऊक असले तर ठाऊक असते, युक्तिवाद नाही.

सर्वांत बोलके उदाहरण मुकुंदराजाचे. 'विवेकसिंधु' हा मराठीचा आद्य ग्रंथ, शके 1110 (1188), हे आपण सर्वांनी पाठ केले. ज्या ओवीवरून हे साल निघते ती मूळची की मागाहून घातलेली, यावर वाद आहे. ग्रंथाचे स्थळ सांगणारी अंबानगरी कोणती, यावर त्याहून मोठा वाद. मराठवाड्यात अंबाजोगाईला मुकुंदराजाची समाधी दाखवतात. विदर्भात वैनगंगेच्या काठी, नागपूर जिल्ह्यातल्या अंभोऱ्याला, ग्रंथ इथेच लिहिला गेला असे सांगतात. दोन्हीकडे परंपरा आहे, दोन्हीकडे अभिमान आहे, आणि पुरावा दोन्हीकडे अपुरा आहे. आता 'असावा' या रूपाची गंमत पाहा. 'आद्यकवी आमच्या मुलखातला असावा.' हे वाक्य इच्छेने सुरू होते: असावा, म्हणजे असता तर किती बरे. ऐकणारा ते अनुमान म्हणून ऐकतो: असावा, म्हणजे काही पुरावा दिसतो. तिसरा ते छापतो: 'आहे.' विध्यर्थाच्या एकाच रूपात इच्छा आणि तर्क शेजारी राहतात, आणि अस्मितेचा प्रश्न आला की भिंत कोसळून इच्छा तर्काच्या घरात शिरते. आम्ही विदर्भातले लोक याला अपवाद नाही. अमरावतीकर आपल्या शहराला 'अंबानगरी' म्हणवून घेतात. अंबादेवीमुळे पडलेले ते नाव आहे आणि त्याचा विवेकसिंधूशी काही संबंध नाही; परंतु उद्या कुणी तोही जोडला तर स्मरणिकेत छापून येईल. रुक्मिणीचे हरण अंबादेवीच्या मंदिरातून झाले, ही कथाही इथे 'म्हणे' लावून सांगितली जात असे. माहितीपत्रकांत आता तो शब्द गळाला आहे. ज्या आजीने ती कथा सांगितली तिला पुराण आणि इतिहास यांतला फरक 'म्हने' या दोन अक्षरांत सांभाळता येत होता. पदवीधरांनी तो घालवला.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद मलाही झाला. पण त्यानंतर झालेल्या भाषणांतून मराठीचे वय ज्या वेगाने वाढत गेले ते पाहून थोडे भय वाटले. नाणेघाटातला लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृतात आहे. त्या प्राकृतापासून आपल्या मराठीपर्यंतची वाट दाखवता येते, पण त्या वाटेवर जागोजागी 'असावे' पेरलेले आहेत. ते उपटून टाकले तर सलग रस्ता दिसतो खरा, मात्र तो अभ्यासाचा राहत नाही, मिरवणुकीचा होतो.

या हकालपट्टीला यंत्रणेचे बळ मिळाले ते वस्तुनिष्ठ प्रश्नांमुळे. अध्यापकाच्या पात्रतेसाठी घेतली जाणारी नेट परीक्षा जून 2012 पासून पूर्णपणे बहुपर्यायी झाली. तिसऱ्या पत्रिकेतले दीर्घ उत्तरही त्यात गेले. चार पर्याय, एक बरोबर. 'निश्चित सांगता येत नाही, कारण...' असा पाचवा पर्याय नाही आणि असला तरी 'कारण' लिहायला जागा नाही. साहित्याच्या इतिहासातली निम्मी विधाने अनुमानाची असताना त्यांची परीक्षा 'आहे'च्या मापाने होते. त्यातून निवडले गेलेले अध्यापक पुढे तसेच शिकवतात, तसेच तपासतात, आणि मूल्यमापनाच्या चर्चेत तसेच बोलतात. त्यांचा दोष थोडा आहे. पण तो मुळीच नाही असे म्हणवत नाही, कारण वर्गाचे दार लावून घेतल्यावर आत काय शिकवायचे हे अजून कुणी बहुपर्यायी केलेले नाही.

आणि हे सगळे कुठे घडते आहे? रिद्धपूर ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्यात. म्हाइंभटाने चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या त्या शके 1200 (1278) च्या सुमारास, रिद्धपुरात. चक्रधर निघून गेलेले, ज्यांनी त्यांना पाहिले-ऐकले ती माणसे ठिकठिकाणी विखुरलेली. नागदेवाचार्यांपासून आरंभ करून म्हाइंभट एकेकाला विचारत गेला. पुढे धाडीच्या धावपळीत मूळ पोथी हरवली आणि शिष्यांनी आपापल्या आठवणींतून ती पुन्हा सिद्ध केली, असे परंपरा सांगते. त्यामुळे हिराइसेचा पाठ, परशरामबासांचा पाठ असे भेद झाले. आता या लोकांनी काय करायला हवे होते? आपल्या दृष्टीने सोपे होते. एक पाठ ठरवायचा, बाकीचे जाळायचे आणि 'आहे' लिहायचे. ग्रंथ तर साक्षात ईश्वरावताराच्या वचनांचा. तिथे संशयाला जागा कशाला? त्यांनी तसे केले नाही. एखाद्या लीळेत एकाची आठवण एक आणि दुसऱ्याची दुसरी असेल तर ती दुसरी आठवण 'वासना' अशी खूण करून नोंदवली. चौकशीतून मिळालेली जास्तीची माहिती 'शोध' म्हणून जोडली. 'वासना' हा शब्द आज आपण भलत्याच अर्थाने वापरतो. तिथे तो मनावर उमटून राहिलेला ठसा या अर्थाने येतो: अमक्याच्या मनात ही गोष्ट अशी राहिली आहे. यापेक्षा प्रामाणिक संशयवाचक शब्द मला मराठीत दुसरा दाखवा. यात साक्षीदाराला खोटे ठरवलेले नाही आणि त्याचा शब्द अंतिमही मानलेला नाही. श्रद्धा अबाधित, आणि पुराव्याची नोंदही चोख. सातशे वर्षांपूर्वीच्या भाविकांना जे पेलले ते आपल्या प्रश्नपत्रिकेला पेलत नाही. 1978 साली वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले 'लीळाचरित्र' महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले. संदर्भग्रंथांच्या यादीत ते सर्वत्र असते. पण त्यातल्या पाठभेदांवर प्रश्न विचारलेला मी पाहिलेला नाही. 'म्हाइंभटाची गद्यशैली' हा प्रश्न मात्र आलटून पालटून येतो. 2024 मध्ये रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. तिथल्या अभ्यासक्रमात एक पत्रिका या 'वासना' आणि 'शोध' यांच्यासाठी असावी. (हे 'असावी' मात्र निखळ इच्छेचे.)

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. संशयाला गुण द्यायचे ठरवले तर ज्याला काहीच येत नाही तो विद्यार्थीही प्रत्येक वाक्याला 'असावे' लावून मोकळा होईल. 'ज्ञानेश्वरी ज्ञानेश्वरांनी लिहिली असावी' असेही वाचावे लागेल. शिवाय गीतेच्या चौथ्या अध्यायातला संशयात्मा काय गतीला जातो हे आपल्याला माहीत आहेच. त्या संशयात्म्याविषयी एवढेच म्हणेन, की त्याच अध्यायात ज्ञान मिळवण्यासाठी परिप्रश्न करायलाही सांगितले आहे. उरला कामचुकार विद्यार्थी. त्याला ओळखणे मुळीच कठीण नाही. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्या श्रोत्यांना एकामागून एक प्रश्न विचारत आणि त्यांच्याच तोंडून उत्तर वदवून घेत. हा मनुष्य याच जिल्ह्यातला, शेंडगावचा, आणि वऱ्हाडीत बोलणारा. त्यांच्या नावाचे विद्यापीठ आपल्या शहरात आहे. तेव्हा आपणही उत्तरपत्रिकेला एक प्रश्न विचारायचा: कशावरून? 'असावा'च्या पुढे 'कारण' आले असेल आणि त्या कारणात सायकल असेल, दिवा असेल, ओवी असेल, अक्षरवटिका असेल, तर गुण द्या. नसेल तर देऊ नका. मात्र हाच प्रश्न 'आहे'लाही विचारायचा. 'आद्य ग्रंथ आहे', कशावरून? 'अंबाजोगाई आहे', कशावरून? या कसोटीला किती 'आहे' उतरतात ते एकदा गठ्ठा घेऊन बसून पाहावे.

पुढल्या सत्राच्या प्रश्नपत्रिका काढण्याचे काम आपल्यापैकी अनेकांकडे येईल. 'विवेकसिंधूचा कर्ता, काळ व स्थळ सांगा' या प्रश्नाऐवजी 'अंबानगरी म्हणजे अंबाजोगाई की अंभोरा? दोन्ही बाजूंचे पुरावे मांडून आपले मत सांगा' असा प्रश्न घालता येतो. अभ्यासक्रम बदलावा लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. आदर्श उत्तराच्या रकान्यात 'निर्णायक पुरावा नाही असे सकारण लिहिल्यास पूर्ण गुण' एवढी ओळ लिहावी लागेल.